व्हेनिसला पहिल्यांदाच जातोय. एक दिवस पुरेल का? मेस्त्रेत हॉटेल स्वस्त पडतं, तर तिथेच राहावं का? आणि गोंडोला घ्यावी का?

एक दिवस पुरत नाही. मेस्त्रेत राहू नका. उत्तर इथेच संपलं असतं, पण "मेस्त्रेत स्वस्त पडतं" हे वाक्य २०२२ च्या ऑक्टोबरात मी आमच्या दाजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की गप्प बसवत नाही.

चौघांची ट्रिप दाजींनी आखली होती, एक्सेलमध्ये. व्हेनिसच्या रकान्यात 'सकाळी १० ते सायंकाळी ६', बस्स. मुक्काम मेस्त्रेत, म्हणजे व्हेनिसच्या बेटाकडे जाणाऱ्या पुलाच्या अलीकडे, कोरड्या जमिनीवर. तिथून बेटावरचं सांता लुचिया स्टेशन रेल्वेने दहा मिनिटं. चौघांत युरोपचं सिम एकच, तेही दाजींच्या फोनात. "एकत्रच तर फिरायचंय, दोन कशाला?"

दुपारी दोनला सान मार्कोच्या चौकात ताईला बासिलिकेच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, रांगेत थांबायचं होतं आणि माझ्या बायकोला गल्ल्या बघायच्या होत्या. दाजी म्हणाले, "साडेपाचला काल्ले देल फोर्नोत या. तिथे पिझ्झाचं दुकान आहे, खाऊ आणि सहाची गाडी धरू."

गोम इथे आहे. व्हेनिसचे सहा भाग आहेत, सेस्तिएरे. आपल्या पेठाच समजा. तिथल्या पत्त्यात पेठेचं नाव आणि घराचा आकडा असतो, आणि आकडे गल्लीगल्लीला नव्याने सुरू न होता पेठभर चालत राहतात, पार हजारांत. आणि 'काल्ले देल फोर्नो' म्हणजे भट्टीची गल्ली. जिथे जिथे पाव भाजायची भट्टी होती, तिथे तिथे हे नाव. गावाचं नाव न सांगता 'गांधी चौकात भेटू' म्हणण्यातला प्रकार.

आम्ही कान्नारेजो पेठेतल्या भट्टीच्या गल्लीत चाळीस मिनिटं उभे. पिझ्झाचं दुकान नाही, दाजी नाहीत. शेवटी भाजीची ढकलगाडी ओढत निघालेल्या एका आजींना भिंतीवरचं नाव दाखवून खुणेने विचारलं, हीच का? त्यांनी आधी पाटीकडे, मग आमच्याकडे बघितलं, हाताची पाचही बोटं उघडली आणि हसत निघून गेल्या. दाजी तेव्हा ग्रँड कॅनॉलच्या, म्हणजे शहरातल्या मुख्य कालव्याच्या, पलीकडे सान पोलो पेठेत दुसऱ्या भट्टीच्या गल्लीत घड्याळ बघत होते.

गाडी गेलीच होती, म्हणून आम्ही निवांत मागे फिरलो. संध्याकाळी दिवसभराची गर्दी स्टेशनाकडे आणि बसकडे ओसरते. सकाळी जिथे खांद्याला खांदा लागत होता, त्या चौकात कबुतरं आणि खुर्च्या गोळा करणारे वेटर. तिथून १ नंबरची वापोरेत्तो, म्हणजे पाण्यातली बस, धरली. ही ग्रँड कॅनॉलमधून थांबत थांबत पाऊण तासात स्टेशनला नेते. अंधार पडला की वाड्यांच्या वरच्या मजल्यांवर दिवे लागतात आणि खिडक्यांतून आतली रंगवलेली छतं दिसतात. दिवसा ती दिसत नाहीत. दाजींच्या आठ तासांत ती कुठून दिसणार? (एकेरी तिकीट साडेनऊ युरो, ७५ मिनिटं चालतं. २४ तासांचा पास २५ युरो. पासच घ्या.)

मेस्त्रेत पोचायला साडेअकरा झाले. तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात दाजी पंगतीत सांगतात, "हे व्हेनिसमध्ये हरवले होते." मी हरवलो नव्हतो. सांगितलेल्या नावाच्याच गल्लीत, सांगितलेल्या वेळी उभा होतो. कुठली पेठ ते मीही विचारलं नाही, ते सोडा.

तर दोन रात्री बेटावरच काढा. हॉटेलकडून पेठेचं नाव, आकडा आणि जवळचा वापोरेत्तोचा थांबा, तिन्ही लिहून घ्या. बॅगा हलक्या ठेवा, पुलांना पायऱ्या असतात आणि पूल चारशेच्या वर आहेत.

गोंडोलाचा सरकारी दर नोव्हेंबर २०२३ पासून दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर पस्तीस मिनिटांना ११०. हा दर नावेचा असतो, माणशी नाही. हौस असेल तर घ्या. नुसतं बसल्याचं समाधान हवं असेल तर ग्रँड कॅनॉल ओलांडून देणारी त्रागेत्तो दोन युरोत मिळते, तीही गोंडोलाच, फक्त गाद्या नसतात.

ऑक्टोबर ते जानेवारीत भरतीचं पाणी चढतं, त्याची फार भीती बाळगू नका. आम्ही सांगलीचे. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, आणि त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला व्हेनिसचं पाणी १८७ सेंटीमीटरवर गेलं. हा आकडा रस्त्यावरच्या पाण्याचा नव्हे, मापपट्टीवरचा. पुरात मोजतात त्या आमच्या आयर्विन पुलाच्या फुटांसारखा. ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी उचलते दरवाजे वापरात आहेत, त्यामुळे आता तसं सहसा होत नाही.

आता दाजींच्या बाजूचंही सांगतो. मेस्त्रेत खोली खरंच बरीच स्वस्त असते. सोबत गुडघे दुखणारं कुणी असेल किंवा बाबागाडी असेल तर तिथे राहणं शहाणपणाचं ठरेल. शिवाय २०२४ पासून ठरावीक तारखांना दिवसा येणाऱ्यांना प्रवेशशुल्क पडतं आणि व्हेनिसच्या हद्दीत मुक्काम असेल तर माफ असतं, पण माफीचीही ऑनलाइन नोंद करावी लागते. प्रशासनाच्या हिशेबात मेस्त्रे व्हेनिसमध्येच मोडतं, म्हणजे दाजींचे हेही पैसे वाचले असते.

ताई, तू हे वाचणारच. दाजींना एवढंच विचार, कुठल्या पेठेतली भट्टीची गल्ली, ते सांगितलं होतं का?