ऑफिसच्या हॉकी पूलमध्ये कट्टर विरोधी संघाचा खेळाडू घ्यावा का?

विचारणाऱ्याने लिहिलंय की तो टोरंटोत नवा आहे, तिथल्या आइस हॉकी संघाचा, लीफ्सचा, फॅन झालाय आणि ऑफिसच्या पूलमध्ये यंदा पहिल्यांदाच उतरतोय (पूल म्हणजे प्रत्येकाने पाळीपाळीने, फेरी-फेरीने खरे खेळाडू निवडायचे आणि त्यांच्या कामगिरीचे पॉइंट मोजायचे). बॉस्टन, फ्लोरिडा, टँपा यांचे खेळाडू घेतले तर ती आपल्या संघाशी बेइमानी होते का, आणि गोली (गोलरक्षक) किती घ्यावेत, असे त्याचे दोन प्रश्न आहेत.

घ्या. बिनदिक्कत घ्या, आणि कोणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

टोरंटोत भरणाऱ्या कुठल्याही पूलमध्ये निम्म्याहून जास्त माणसं लीफ्सची असतात. त्यामुळे मॅथ्यूज, नायलँडर, नाइज हे सगळे त्यांच्या लायकीपेक्षा एक-दोन फेऱ्या आधीच उचलले जातात. मॅथ्यूजने २०२३-२४ मध्ये ६९ गोल केले, त्या वर्षी त्याला पहिल्या फेरीत घेणं शंभर टक्के बरोबर होतं. पुढच्या वर्षी दुखापतींमुळे तो ३३ वर थांबला, तरी आमच्याकडे त्याचा भाव ६९ चाच राहिला. त्याच वर्षी कुचेरोव्हने १२१ पॉइंट (गोल अधिक असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास) करून सलग दुसऱ्यांदा सर्वाधिक पॉइंटची आर्ट रॉस ट्रॉफी नेली, आणि आमच्या पूलमध्ये तो मॅथ्यूजच्या मागून गेला. कारण एकच, अंगावर टँपाची जर्सी. पास्टरनाकचं तर विचारूच नका. बॉस्टन अटलांटिक विभागात तळाला गेलं त्या हंगामातही त्याने १०६ पॉइंट केले, आणि आमच्यातल्या कोणालाही तो नको असतो. बाकीचे रागापायी हात आखडता घेतात तेव्हा चांगला माणूस तुम्हाला स्वस्तात मिळतो. पूल जिंकण्याचं निम्मं गणित एवढंच आहे.

आता हा प्रश्न मला का झोंबला ते सांगतो.

आमचे साडूभाऊ माझ्या आधीपासून कॅनडात आहेत. मला हॉकी त्यांनीच दाखवली, आइसिंग म्हणजे काय, ऑफसाइड कुठली रेघ ओलांडल्यावर होतो, सगळं. त्याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी आहे. दर एप्रिलमध्ये प्लेऑफ (हंगामानंतरच्या, सात मॅचपर्यंत चालणाऱ्या बाद मालिका) सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्यांच्या बेसमेंटमध्ये आमचा पूल भरतो. घरची आणि मित्रमंडळी, माणशी वीस डॉलर, प्रत्येकाने दहा खेळाडू निवडायचे, पहिल्या फेरीत ज्याची पाळी शेवटी त्याची दुसऱ्या फेरीत पहिली. गोलला एक पॉइंट, असिस्टला एक. खेळाडूचा संघ बाहेर पडला की त्याचा हिशोब तिथेच बंद.

२०२५ च्या एप्रिलमध्ये एडमंटनचा मॅकडेव्हिड माझ्या आधी गेला, म्हणून मी त्याच्याच संघातला ड्रायसायटल घेतला. त्यानंतर मी फ्लोरिडाकडे वळलो. फ्लोरिडा आदल्या वर्षीचा विजेता संघ, पण विभागात तिसरा आलेला. मॅथ्यू कचक फेब्रुवारीपासून दुखापतीने बाहेर बसलेला, त्यामुळे कोणी त्या संघाला हात लावत नव्हतं. मी राइनहार्ट घेतला, वरहेगी घेतला, आणि नंतरच्या एका फेरीत मार्शंड.

ब्रॅड मार्शंड. नाव उच्चारताच बेसमेंटमध्ये शांतता पसरली.

तुम्ही नवीन आहात म्हणून थोडक्यात सांगतो. लीफ्सच्या फॅनला ज्याचा सर्वांत जास्त संताप येतो असा हा माणूस. बॉस्टनकडून खेळताना २०१३, २०१८, २०१९ आणि २०२४ अशा चार वेळा त्याच्या संघाने आपल्याला सातव्या मॅचमध्ये घरी पाठवलं. २०१३ ची ती मॅच मी पाहिलीय. तिसऱ्या पिरियडमध्ये आपण ४-१ ने पुढे होतो. बॉस्टनच्या बर्जरॉनने शेवटचं मिनिट सुरू असताना बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्येही त्यानेच संपवलं. मार्शंड त्याच्याच लाइनवर, म्हणजे एकत्र बर्फावर उतरणाऱ्या तिघा आक्रमकांत. २०१८ च्या प्लेऑफमध्ये याच माणसाने आपल्या कोमारोव्हचा चेहरा चाटला होता, भर मॅचमध्ये. घाणेरड्या खेळापायी लीगने त्याला कितीदा तरी निलंबित केलंय. यातली एकही गोष्ट मी नाकारत नाही. मार्च २०२५ मध्ये बॉस्टनने आपल्या या कर्णधाराला फ्लोरिडाकडे पाठवलं, तेव्हा तो दुखापतग्रस्त होता. तिथे तो नियमित हंगामात जेमतेम काही मॅच खेळला, तोही लुंडेल आणि लुओस्टारिनेनबरोबर तिसऱ्या लाइनवर.

साडूभाऊंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "अरे, हा माणूस या घरात घ्यायचा?" मी म्हटलं, "घरात कुठे, पूलमध्ये घेतोय." त्यांनी यादीत त्याचं नाव लिहिलं नाही. मीच उठून लिहिलं. त्यांचे स्वतःचे बहुतेक खेळाडू लीफ्सचेच होते. मॅथ्यूज, मार्नर, टॅव्हारेस, नाइज. फॅनने असंच निवडायचं असतं असं त्यांचं ठाम मत.

पहिल्या फेरीत आपण ओटावाला सहा मॅचमध्ये हरवलं. दुसऱ्या फेरीत समोर फ्लोरिडा. पहिल्या दोन मॅच जिंकून २-० ने पुढे. तिसरी मॅच ओव्हरटाइममध्ये गेली. त्या रात्री मी लीफ्सची जर्सी घालून साडूभाऊंच्या शेजारी सोफ्यावर बसलो होतो. मार्शंडने पक मारला, आपल्याच रायलीला लागून तो आत गेला. ५-४. खेळ खलास.

मी दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसलो होतो. साडूभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला आनंद झाला असेल. एक पॉइंट मिळाला ना."

ते वाक्य मी विसरलेलो नाही. मला आनंद झाला नव्हता. त्या क्षणी माझा अख्खा पूल देऊन तो गोल परत घेता आला असता तर मी दिला असता. कागदावर एखाद्याचं नाव लिहिणं आणि त्याच्या गोलवर खूश होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला कळत नाही त्याने पूल खेळूच नये. मालिका सातव्या मॅचपर्यंत गेली आणि घरच्या बर्फावर आपण ६-१ ने हरलो. मार्शंडचा एक गोल, दोन असिस्ट. सातव्या मॅचमध्ये पाचव्यांदा तोच. मॅच संपायच्या आधीच साडूभाऊ वर निघून गेले.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. अंतिम मालिकेत मार्शंडने एडमंटनविरुद्ध सहा गोल केले, त्यातला एक दुसऱ्या मॅचमध्ये, दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये. प्लेऑफमध्ये एकूण २० पॉइंट, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. ड्रायसायटल हरला, पण माझ्यासाठी ३३ पॉइंट करून गेला. पूल मी जिंकला. पैसे साडूभाऊंनी माझ्या हातात दिले नाहीत, मेव्हणीकडून पाठवले. आणि तेव्हापासून मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात माझी ओळख "हे आमचे फ्लोरिडावाले" अशी करून देतात. लोक हसतात. मला ते लागतं, कारण लीफ्सच्या प्रत्येक पराभवाला मीही तेवढाच जागलोय.

त्यांचं म्हणणं असं की मार्शंड हा गुंड आहे, खेळाडू नाहीच, आणि त्याला निवडणं म्हणजे त्याला मान देणं. हे साफ चूक आहे. बॉस्टनच्या इतिहासात शॉर्टहँडेड गोल सर्वांत जास्त कोणाचे? याचेच. संघाचा एक माणूस बाहेर बसलेला असताना जो गोल करतो त्याचं डोकं किती थंड असेल विचार करा. २०१८-१९ मध्ये त्याने १०० पॉइंट केले. नुसत्या गुंडगिरीवर कोणी १०० पॉइंट करत नाही. २००६ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) तिसऱ्या फेरीत निवडलेला, उंची बेताची, आणि इतकी वर्षं टिकलेला माणूस आहे तो.

आणि मला खरं जे विचारायचंय ते हे. सप्टेंबर २०१६ ची वर्ल्ड कप ऑफ हॉकीची अंतिम मालिका आठवतेय? टोरंटोत, आपल्याच रिंकवर. दुसऱ्या मॅचमध्ये कॅनडा युरोपच्या संघाविरुद्ध ०-१ ने मागे होता. शेवटच्या तीन मिनिटांत बर्जरॉनने बरोबरी केली, आणि मिनिटभराच्या आत वेळ उरलेला असताना, कॅनडाचा एक माणूस पेनल्टीवर असताना, विजयाचा गोल मार्शंडने केला. त्या रात्री अख्खी इमारत, जी एरवी त्याला शिव्या घालते, त्याच्यासाठी उभी राहिली. साडूभाऊ सोफ्यावर उभे राहून ओरडत होते. मी तिथे होतो. मग तेव्हा मान दिला तो कोणाला?

दुसरं उदाहरण तर अलीकडचं आहे. फेब्रुवारी २०२५, चार देशांच्या फोर नेशन्स स्पर्धेची अंतिम मॅच, कॅनडा विरुद्ध अमेरिका, बॉस्टनमध्ये. अमेरिकेचा कर्णधार कोण? आपला मॅथ्यूज. ओव्हरटाइममध्ये कॅनडाचा गोली बिनिंग्टनने मॅथ्यूजला अडवलं तेव्हा आमच्या बेसमेंटमध्ये टाळ्या पडल्या, आणि मार्नरच्या पासवर मॅकडेव्हिडने संपवलं तेव्हा आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. मार्शंड त्या कॅनडाच्या संघात होता. म्हणजे एका रात्रीपुरता मार्शंड आपला आणि मॅथ्यूज परका, आणि ते कोणालाच खटकलं नाही. देशासाठी इतकं चालतं, मग वीस डॉलरच्या कागदावर का चालू नये?

मला विचाराल तर विरोधी संघाचा खेळाडू ओळखण्यात खरा फॅन तरबेज असतो. ज्याने आपल्याला वर्षानुवर्षं रडवलं त्याचा खेळ आपण जितका डोळे ताणून पाहिलेला असतो तितका त्याच्या स्वतःच्या शहरानेही पाहिलेला नसतो. तो कुठून घुसतो, गोलीसमोर कधी उभा राहतो, कोणाबरोबर असला की फुलतो, सगळं आपल्याला पाठ असतं. ही माहिती वाया का घालवायची?

फक्त नावावर जाऊ नका. ह्युबर्डोने २०२१-२२ मध्ये फ्लोरिडासाठी ११५ पॉइंट केले, त्या उन्हाळ्यात तो कॅलगरीला गेला आणि पुढच्या हंगामात ५५ वर आला. हात तेच, पाय तेच, भोवतालची माणसं बदलली. ज्याच्या बदल्यात तो गेला तो कचक मात्र फ्लोरिडात १०९ वर पोचला. म्हणून खेळाडू कोणत्या लाइनवर आहे आणि पहिल्या पॉवरप्लेवर (समोरचा एक माणूस पेनल्टीवर असताना) उतरतो का, हे आधी पाहा. प्लेऑफ पूल असेल तर त्याहून आधी संघ किती मॅच खेळेल ते पाहा. पहिल्याच फेरीत बाहेर जाणाऱ्या संघाचा तारा दुसऱ्या-तिसऱ्या लाइनवरच्या विजेत्यापुढे काही कामाचा नाही.

गोलींबद्दल: दोन. तिसरा घेऊ नका, जागा अडते. आणि घाईने घेऊ नका, एका वर्षी भिंत असलेला गोली पुढच्या वर्षी चाळणी होतो.

थोडं सांभाळून घ्यायचं तेही सांगतो. तुमचा पूल हिट (टकरा) आणि ब्लॉक (अडवलेले फटके) मोजत असेल तर वरचे आकडे पुरेसे नाहीत, नियम वाचा. फ्लोरिडाचे खेळाडू सरसकट उचलू नका. २०२५-२६ च्या सुरुवातीला बारकोव्हचा गुडघा सराव शिबिरातच गेला, कचक शस्त्रक्रियेनंतर परतलेला नव्हता, आणि मार्शंडचं वय पाहता पूर्ण हंगामाच्या पूलमध्ये तो मधल्या फेऱ्यांतच घ्यावा. आणि लीफ्सविरुद्धच्या रात्री तुमच्या जिवाची खरोखर घालमेल होणार असेल तर पश्चिमेकडचे खेळाडू घ्या. मॅकिनन, ड्रायसायटल, आयकल. त्यांच्या संघांशी आपली गाठ वर्षातून दोनदाच पडते.

त्यात आता मार्नरही आहे. आपल्याकडे शेवटच्या हंगामात १०२ पॉइंट करून २०२५ च्या उन्हाळ्यात तो व्हेगासला गेला, आता आयकलच्या संघात. त्या ऑक्टोबरमध्ये आमचा हंगामाचा पूल भरला तेव्हा साडूभाऊंची पाळी माझ्या आधी होती. वर्षानुवर्षं ज्याला ते डोळे झाकून घ्यायचे, त्याचं नाव वाचून त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. "गेला तो मेला," म्हणाले. मी लगेच मार्नर घेतला. आपल्यासाठी इतकी वर्षं खेळलेल्या माणसाला संघ बदलला म्हणून असं टाकून देणं याला निष्ठा म्हणत असतील, तर ती मला नको. तुमच्या पूलमध्ये तो अजून शिल्लक असेल तर आजच घेऊन टाका.