निफाडच्या थंडीत द्राक्षबागेत पहिल्यांदा जाताय ना, मग हे वाचा

भाऊ, एकच जाडजूड जॅकेट घेऊन येऊ नको. निफाडला पारा ५-६ वर येतो पहाटे, पण अकरा वाजले की ऊन असं चढतं की तेच जॅकेट काखेत धरून फिरावं लागतं, म्हणून तीन पातळ थर घाल, आत थर्मल, मधे लोकरीचा हाफ स्वेटर, वर वारं अडवणारं विंडचीटर. आत कॉटनचं बनियन नको, घामाने ओलं झालं की अंगाला चिकटतं आणि मग जी हुडहुडी भरते ना, विचारू नको.

द्राक्षाच्या पानांवर दव असतं, त्याने बाह्या कोपरापर्यंत भिजतात, हे कोणी सांगत नाही.

शेकोटीपासून मात्र नायलॉनवाल्यांनी लांबच बसायचं, माझ्या नव्याकोऱ्या जॅकेटला एका ठिणगीने बाहीवर वाटाण्याएवढं भोक पाडलं, आता तिथे काळं पॅच लावलंय, तेच स्टाईल म्हणून खपवतो 😄

रंग मरून किंवा ऑलिव्ह घे. पांढरं घातलंस तर बोर्डोचे, म्हणजे वेलींवर फवारतात त्या मोरचूद-चुन्याच्या औषधाचे, निळसर डाग आयुष्यभर मिरवशील. स्वेटर नाशिकला शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटला बघ, घासाघीस कर. आणि कानटोपीला लाजू नको, मफलर नीट गुंडाळला की तीच भारी दिसते.