बाबांची साखर आणि घरचा ग्रुप

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे. तासगावजवळ गावी एकटे राहतात, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतात. रोजची साखर ते व्हॉट्सॲपवर घरच्या ग्रुपवर टाकतात. आम्ही चौदा जण. आकडा आला की कुणी कारल्याचा रस सुचवतं, कुणी नुसता अंगठा दाखवतं. मागच्या आठवड्यात रात्री दोनला त्यांनी लिहिलं, ‘६२. घाम येतोय.’ मी ते सकाळी वाचलं. बिस्किटं खाऊन ते सावरले होते. हे आकडे टाकणं बंद करायला सांगू का?
– एक मुलगी, पुणे

उत्तर : ताई, बंद करू नका. माझ्याकडे येणारे कितीतरी पेशंट साखरेची वही घरीच विसरतात. तुमचे बाबा या वयात रोज बोट टोचून आकडा कळवतात, याचं मला फार कौतुक वाटलं.

पण साखर ७०च्या खाली गेली की मेसेज लिहीत बसायचं नाही. आधी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, मग फोन लावायचा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आकडा ७०च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. वर आला की थोडी भाकरी किंवा पोळी. बिस्किटातल्या तुपामुळे साखर चढायला वेळ लागतो, म्हणून उशाशी साखरेची डबी आणि पाण्याचा तांब्या हवा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. त्यासाठी गावातला, रात्री फोन उचलणारा एक माणूस आजच ठरवा.

तो माणूस, तुम्ही आणि बाबा, एवढ्यांचाच वेगळा ग्रुप करा. तिथे नुसता आकडा नको. १८६ उपाशीपोटी असेल तर जास्त आहे. जेवणानंतर दोन तासांनी असेल तर मी एवढी घाबरणार नाही. टाइप करायचा कंटाळा येत असेल तर बाबांनी बोलून पाठवावं : ‘दोन भाकरी, वांग्याची भाजी, इन्सुलिन इतकं.’ मशीनचा फोटो चालतो, पण सेल बदलल्यावर तिच्यातली वेळ चुकते, ती बघा.

मेसेजचा उपयोग होतो, हे आपल्याकडे तपासलेलं आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ पुरुषांवर दोन वर्षं अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामाचे एसएमएस नियमित मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना. पण ते मेसेज जाणकारांनी विचारपूर्वक लिहिलेले होते. कारल्याच्या रसाचे फॉरवर्ड वाचून इन्सुलिन सोडलेले पेशंट मी ४८० साखर घेऊन आलेले पाहिले आहेत. बाबांना हे स्पष्ट सांगा.

आणि ६२चा आकडा डॉक्टरांना कळवलात का? नसेल तर आजच कळवा, डोस बदलावा लागू शकतो. एकटी राहणारी वडीलधारी माणसं कित्येकदा रात्री नुसतं दूध पिऊन झोपतात आणि इन्सुलिन मात्र नेहमीएवढंच घेतात. त्या रात्री बाबा काय जेवले होते, ते आधी विचारा.