डासांचं औषध टाकलं की पाणथळीत अजून कोणकोण जातं?

या वेळी डासांच्या औषधांवर बरेच प्रश्न आलेत, आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत म्हणून एकत्रच घेतोय.

प्रश्न: पाणथळीत डासांसाठी बीटीआय फवारतात. जैविक आहे, डासांच्या अळ्या सोडल्या तर कुणाला काही होत नाही असं सांगतात. हे कितपत खरं?

बरंचसं खरं, पूर्ण नाही. बीटीआय हा बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा एक उपप्रकार, 1976 साली इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात मेलेल्या डास-अळ्यांच्या एका डबक्यात सापडला. तो प्रोटीनचे बारीक स्फटिक तयार करतो, ते अंगाला लागून काही होत नाही, खाल्ले गेले तरच काम होतं. आता डासाची अळी बघा, बऱ्याच जाती शेपटीकडची श्वासनळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून उलट्या लटकतात आणि तोंडाजवळचे केसांचे झुपके सतत हलवत पाण्यातलं जे बारीकसारीक येईल ते आत ओढत राहतात, त्यात हे स्फटिकही जातात. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं, तिथे स्फटिक विरघळतात, विष मोकळं होतं, आतड्याच्या पेशींना भोकं पडतात आणि साधारण दिवसभरात अळी खलास. कोष झालेल्या डासावर मात्र शून्य परिणाम, कारण कोष काही खातच नाही.

मासे, पक्षी, माणूस, चतुराची पिल्लं, पाणभुंगे, यांना नेहमीच्या डोसला थेट विषबाधा होत नाही, एवढं श्रेय बीटीआयला द्यायलाच हवं. जुन्या औषधांशी तुलना केली तर फारच बरं. अमेरिकेत लाँग आयलंडच्या खाऱ्या दलदलीत डासांसाठी वर्षानुवर्षं डीडीटी मारलं होतं, 1967 मध्ये तिथल्या जिवांची तपासणी छापून आली तेव्हा प्लवकांपासून (पाण्यात तरंगणारे अगदी बारीक जीव) मासे खाणाऱ्या पक्ष्यांपर्यंत डीडीटीचं प्रमाण हजार पटींहून जास्त वाढत गेलेलं दिसलं.

पण डासांना भाऊबंद आहेत ना! कायरोनोमिड म्हणजे डासासारख्याच दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्या, संध्याकाळी पाण्याजवळ ज्यांचे थवे घोंगावतात त्या. यांच्या अळ्या तळाच्या गाळात बारीक नळ्या करून राहतात, काहींच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून लालभडक दिसतात, मत्स्यटाकीवाले ज्याला ब्लडवर्म म्हणतात तेच. वाढलेल्या अळ्या बीटीआय बऱ्यापैकी सहन करतात, नुकत्या अंड्यातून निघालेल्या मात्र कितीतरी पट नाजूक असतात. सुरक्षिततेच्या चाचण्या बऱ्याचदा मोठ्या अळ्यांवर होतात आणि फवारणी मात्र पाण्यात छोट्या अळ्या भरपूर असतानाही होते, त्यामुळे कागदावर सगळं ठीक आणि तळ्यात वेगळंच, असं होऊ शकतं.

प्रश्न: न चावणाऱ्या माश्या कमी झाल्या तर बिघडलं काय? तशीही दिव्याभोवती कटकटच असते त्यांची.

कटकट आहे मान्य. पण पाणथळीतला खूप मोठा शिधा तिथूनच येतो. अळ्या गाळातलं कुजकं खातात, अळ्यांना चतुराची पिल्लं, पाणभुंगे आणि मासे खातात, पंख फुटून बाहेर आल्या की कोळी, वटवाघळं, पक्षी टपलेलेच असतात. म्हणजे चतुराला औषधाने काही झालं नाही तरी तो उपाशी राहू शकतो, आणि हे औषधाच्या लेबलवर कुठेच येत नाही.

फ्रान्सच्या दक्षिणेला कामार्ग नावाचा पाणथळीचा मोठा प्रदेश आहे, तिथे 2006 पासून बीटीआय फवारायला लागले. संशोधकांनी हाऊस मार्टिन या भिंगरीच्या कुळातल्या पक्ष्याची घरटी पाहिली. फवारलेल्या भागात पिल्लांना भरवलेल्या खाण्यात डासवर्गीय माश्या, कोळी आणि चतुर कमी झाले, त्या जागी उडत्या मुंग्या जास्त आल्या, आणि घरट्यामागे पिल्लं सरासरी 2.3, न फवारलेल्या भागात 3.2. पक्ष्यांवर औषधाचा एक थेंब न पडता!

सगळीकडे असंच होतं का, तर नाही. अमेरिकेत मिनेसोटात 27 पाणथळ जागा घेऊन 1991 ते 1993 असा प्रयोग झाला, काहींत बीटीआय, काहींत मेथोप्रीन (हे कीटकाच्या हार्मोनची नक्कल करून त्याची वाढ बिघडवतं), काही तशाच ठेवल्या. पहिल्या वर्षी विशेष काही दिसलं नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी औषध टाकलेल्या तळ्यांत कीटक निम्म्याहून कमी झाले. पक्ष्यांवर मात्र तिथे परिणाम सापडला नाही. याउलट स्वीडनमध्ये डालएल्वेन नदीच्या पूरमैदानात 2002 पासून हेलिकॉप्टरने बीटीआय टाकतात, तिथे सहा वर्षं मोजूनही कायरोनोमिड घटल्याचं दिसलं नाही. मला यातला फरक मुख्यतः वारंवारतेचा वाटतो, मिनेसोटात त्याच तळ्यांना मोसमात दर तीन आठवड्यांनी डोस होता आणि स्वीडनमध्ये पूर येऊन अळ्या झाल्या तरच. त्यामुळे "एक मोसम बघितलं, काही झालं नाही" एवढ्यावर कुणी सर्टिफिकेट देत असेल तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न: औषधच नको, गंबुशिया किंवा गप्पी मासे सोडले तर?

बंद टाकी, हौद, कारंजं, जिथून मासा बाहेर जाणार नाही तिथे गप्पी ठीक. नैसर्गिक पाणथळीत प्लीज नको. गंबुशिया डासांच्या अळ्यांवर थांबत नाही, पाणपिसवा (पाण्यात तरंगणारे बारीक कवचधारी जीव), किड्यांची पिल्लं, बेडकांची अंडी, तोंडात मावेल ते सगळं खातो. 1972 च्या एका प्रयोगात कृत्रिम तळ्यांत हे मासे सोडल्यावर पाणपिसवा जवळपास नाहीशा झाल्या आणि शेवाळ खाणारं कुणी न उरल्याने पाणी हिरवंगार झालं. गंमत म्हणजे पाणपिसवा आणि डासांच्या अळ्या एकच बारीक खाणं गाळून खातात, म्हणजे डासांचा फुकटचा स्पर्धकच आपण माशाला खायला घालतो. शिवाय औषधाचा असर कधीतरी संपतो, मासा तिथेच पिल्लं घालत बसतो.

प्रश्न: आणि फॉगिंग?

फॉगिंग उडत्या डासांसाठी असतं, पाण्यातल्या अळ्या मरत नाहीत. त्यात बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड नावाच्या गटातलं कीटकनाशक असतं आणि ते पाण्यातल्या किड्यांना, झिंग्यांसारख्या कवचधारींना अगदी सूक्ष्म प्रमाणातही घातक आहे. साथ आली असताना वस्तीत करणं वेगळं, पाणथळीच्या काठावर दर आठवड्याला धूर सोडणं मला तरी पटत नाही.

प्रश्न: मग डेंग्यू होऊ द्यायचा का? डास कमी करायचे की नाही?

राग समजू शकतो, पण डेंग्यूचा एडिस इजिप्ती पाणथळीत वाढतच नाही हो, त्याला टायर, कुंडीखालची ताटली, उघडं पिंप असलं भांड्यातलं पाणी लागतं. पाणथळीवर कितीही फवारा, डेंग्यू जिथल्या तिथे. घराजवळची अशी भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासणं हे कुठल्याही फवारणीपेक्षा कामाचं.

पाणथळीतल्या डासांचं म्हणाल तर तिथे शिकारी टिकले पाहिजेत. चतुराचं पिल्लू पाण्यात काही महिने, काही जातींत काही वर्षं काढतं, त्याचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो आणि अळी टप्प्यात आली की झटक्यात पुढे फेकून तिला पकडतो. डास उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पंखांपर्यंत पोचतो. म्हणून तळ्यातलं सगळं साफ झालं, औषधाने असो नाहीतर तळं आटल्याने, की पहिले परत येतात ते डासच, शिकारी मागाहून सावकाश. एरवी न आटणारं तळं दुष्काळात आटलं की पुढच्या वर्षी पाणी भरल्यावर तिथे डास उसळतात, हे अभ्यासांत दिसलंय.

तुमच्याकडे फवारणी ठरतच असेल तर तीन गोष्टी विचारा: औषध टाकण्याआधी पळीने पाणी काढून अळ्या मोजल्या का, त्या कुठल्या डासाच्या आहेत, आणि त्याच तळ्याला मोसमात किती वेळा डोस होणार. शेजारचं एखादं तळं न फवारता ठेवायलाही सांगा, नाहीतर दोन वर्षांनी तुलना करणार कशाशी?