नागपूरकडे कटला-रोहू सोडून गोड्या पाण्यातला कोणता मासा खावा? गळाला लागतो का?

वाम. सापासारखी दिसते म्हणून लोक नाक मुरडतात, पण सापाशी तिचं काही नातं नाही. आणि कटल्याच्या ताटात जे बारीक, Y आकाराचे काटे वेचत बसावं लागतं, ते हिच्यात जवळजवळ नाहीतच. मधला काटा ओढला की झालं. लहान मुलांना मात्र एकदा काटा तपासून द्या.

कन्हानसारख्या नदीत ती दिवसा दगडांच्या कपारीत नाहीतर वाळूत रुतून बसते आणि अंधार पडला की खायला निघते. म्हणून दिवेलागणीला बसा. लहान गळ, जाडसर गांडूळ, आणि शिसं एवढं की आमिष तळाला टेकलं पाहिजे. ओढ जाणवली की लगेच उचला. उशीर केलात तर ती कपारीत शिरते आणि दोरी तुटते. पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या पाण्यात मात्र मासेमारीला बंदी आहे, तिकडे जाऊच नका.

हाताळताना जपून. पाठीवर बारीक, टोकदार काट्यांची रांग असते, ती शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला की रुततेच. अंग बुळबुळीत, म्हणून आधी चुलीची राख किंवा जाडं मीठ चोळा, मग काटे कापा.

रस्सा आपल्या पद्धतीचाच: कांदा-खोबरं काळपट भाजून, खसखस, थोडी चिंच, जवसाचं तेल मिळालं तर उत्तमच. तुकडे शेवटी सोडा, मऊ असतात. सोबत भातच हवा.

गळ टाकायचा नसेल तर नागपुरातल्या भोईपुऱ्याच्या मासळी बाजारात सकाळी लवकर विचारून बघा.