पीआरमध्ये नवीन आहे. आमच्या प्रेसनोट मराठी वृत्तपत्रांत छापून का येत नाहीत?

बहुतेक वेळा कारण एकच: ती नोट इंग्रजीवरून जशीच्या तशी उतरवलेली असते आणि संध्याकाळी डेस्कवर ती पुन्हा लिहायला कुणालाच वेळ नसतो. एजन्सीत येण्याआधी मी उपसंपादक होतो. ‘अग्रगण्य कंपनीने अत्याधुनिक उपक्रमाची घोषणा करताना आनंद व्यक्त केला’ अशी सुरुवात दिसली की मेल तिथेच बंद व्हायचा. पहिल्याच वाक्यात गाव, आकडा, तारीख द्या: नाशिकमध्ये किती जणांना काम मिळणार, कधीपासून. साहेबांचं मनोगत शेवटी. कापलं गेलं तरी बातमी उरते.

– मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणारं मराठी टायपिंग), मेलमध्येच टाका. पीडीएफमधून कॉपी केला की जोडाक्षरांची वाट लागते.
– फोटो वेगळा जोडा, डावीकडून नावांसह.
– दुपारीच पाठवा. पानं लागत असताना ‘मिळाली का?’ म्हणून फोन केलात तर पुढची नोटही गेली!

मात्र कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल तर आर्थिक निकालासारखी महत्त्वाची माहिती सेबीच्या (बाजाराच्या नियामक संस्थेच्या) २०१५ च्या नियमांनुसार आधी शेअर बाजाराला कळवावी लागते. तिथे भाषा सोपी करा, पण आकडे आणि पाठवायची वेळ कंपनी सेक्रेटरीला विचारूनच.