तांदळात लिहिलेलं नाव

मावशी, २०११ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी माझं निदान झालं: ॲस्पर्गर सिंड्रोम. शाळेपासून ऐकलेल्या 'विचित्र', 'शिष्ट' यांच्यापुढे तो शब्द फार बरा वाटला. आता दिव्यांग प्रमाणपत्रासाठी पुन्हा तपासणी केली, तर रिपोर्टवर 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल १'. भाऊ म्हणतो, ॲस्पर्गर म्हणूच नकोस, तो नाझींना मदत करणारा डॉक्टर होता. आई नातेवाइकांना 'स्वमग्न' सांगते. पण मी तशी नाही, मला निदान बोलता तरी येतं. मी स्वतःला काय म्हणू? गोल गोल उत्तर नको.
— जुन्या फाइलवाली

सरळच लिहिते.

आधी कागदाचं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतून ॲस्पर्गर हे वेगळं निदान २०१३ मध्ये गेलं, ते ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच सामावलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्येही ते वेगळं उरलेलं नाही. एकाच माणसाला एका दवाखान्यात ॲस्पर्गर आणि दुसऱ्यात ऑटिझम म्हणत होते, ती रेघ कुणालाच नीट मारता येत नव्हती. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर हेच नाव आहे. तेव्हा फॉर्मवर तेच लिही. लेव्हल म्हणजे मदत किती लागते ते, हुशारीचे मार्क नव्हेत.

घरात मात्र तुझी मर्जी. माझ्या लग्नात तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं. रेशनकार्डावर, बँकेत तेच आहे. माहेरी मी अजून जुनीच, आणि त्या हाकेला मी जितक्या पटकन वळते तितकी दुसऱ्या कशालाच नाही. मला न विचारता बदललं याचा राग इतक्या वर्षांत गेलेला नाही. म्हणून तुझी चिडचिड मला क्षुल्लक वाटत नाही. ज्या शब्दाने 'शिष्ट' पुसलं, तो कुणी काढून घेतला तर दुखणारच.

भावाचं म्हणणं खरं आहे. हान्स ॲस्पर्गर यांनी व्हिएन्नातल्या 'श्पीगेलग्रुंड' या नाझी काळातल्या मुलांच्या दवाखान्याकडे मुलं पाठवली, हे इतिहासकार हेर्विग चेक यांनी २०१८ मध्ये जुन्या कागदपत्रांतून दाखवलं. तिथे सुमारे ८०० मुलं मारली गेली. पण भावाला पुढचंही सांग. ते नाव रूढ केलं लॉर्ना विंग या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी, १९८१ मध्ये. त्यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती. ॲस्पर्गर यांचा मूळ शब्द 'सायकोपॅथी'चा, ज्यात लोकांना निर्दयी, विकृत माणूस दिसतो. तो कुणाच्या माथी नको म्हणून बाईंनी हे नाव घेतलं. आणि ऑटिझम हा एक सलग पट्टा आहे, असं आग्रहाने मांडणाऱ्याही त्याच.

म्हणूनच तुझं 'मला निदान बोलता तरी येतं' मी दोनदा वाचलं. न बोलणारी कितीतरी ऑटिस्टिक माणसं टाइप करून, चित्रांवर बोट ठेवून आपलं म्हणणं मांडतात. आणि लग्नघरातल्या गोंगाटात तुझीही वाचा बसत असेल, नाही का? जुना शब्द आठवण म्हणून ठेव, माझी हरकत नाही. कुणापासून तरी वेगळं दिसायचं म्हणून ठेवलास, तर उद्या तुझ्याकडे बघूनही कुणीतरी असंच 'मला निदान...' म्हणेल.

'स्वमग्न' तुला का टोचतं ते कळतं. ऑटिझममधला ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः, त्याचं हे नेमकं मराठी. अनेक पालक आणि संस्था तो शब्द आपुलकीने वापरतात, पण मराठी कानाला 'आपल्यातच रमलेली, दुसऱ्याचं काही न पडलेली' असंच ऐकू येतं. आईला सांग, 'ऑटिस्टिक म्हण.' ऑटिझम असलेली की ऑटिस्टिक, यावरही वाद आहेत. बरीच प्रौढ ऑटिस्टिक माणसं दुसरा शब्द निवडतात, कारण ऑटिझम ही दारात काढून ठेवायची चप्पल नाही. माझं मतही तेच. पण तुझं वेगळं असलं तर तुझंच खरं.

जुना रिपोर्ट मात्र फाडू नकोस. नव्याच्या मागे लाव आणि प्रमाणपत्राच्या दिवशी दोन्ही घेऊन जा. आईलाही ने, तुझ्या लहानपणाबद्दल विचारतील, आणि ते तिलाच आठवत असेल.